दोघांच्या घरात आधी उष्णतेचा हिशेब

काटकसर करायची ठरली की हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. मग फोनचा चार्जर सॉकेटमधून काढणं, टीव्हीचा लाल ठिपका विझवणं सुरू होतं. सवयी चांगल्याच आहेत, पण त्यातून पदरात फार थोडं पडतं. फोन न जोडता नुसता लावून ठेवलेला आजचा चार्जर साधारण ०.१ वॉट किंवा त्याहूनही कमी वीज घेतो. वर्षभर तसाच राहिला तरी एक युनिट पुरं होत नाही. उलट २० लिटर पाणी २५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. म्हणजे अंघोळीच्या तीन बादल्या त्या चार्जरच्या वर्षभराच्या खर्चाला मागे टाकतात. एका बादलीच्या विजेत ९ वॉटचा एलईडी दिवा ३८ तास जळेल.

दिव्यांचा प्रश्न विज्ञानाने बराचसा सोडवला आहे. जुना तारेचा बल्ब घेतलेल्या विजेतला जेमतेम ५ टक्के भाग प्रकाशात बदलायचा, बाकी सगळी उष्णता. निळा एलईडी शक्य झाल्यावर पांढऱ्या प्रकाशाचे कमी वीज खाणारे दिवे आले. त्या कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पाण्याचं तसं नाही. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, आणि कितीही संशोधन झालं तरी हा आकडा खाली येणार नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात: तापवायचं पाणी कमी करणं आणि दिलेली उष्णता वाया जाऊ न देणं.

इथे लहान कुटुंबाची एक खास अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही असं मला वाटतं. लहान प्रमाण मुळातच महाग पडतं. १० सेंटिमीटर बाजूच्या घनात एक लिटर पाणी मावतं आणि त्याचं पृष्ठफळ ६०० चौरस सेंटिमीटर असतं. बाजू दुप्पट केली की पाणी आठ लिटर होतं, पृष्ठफळ मात्र २४०० चौरस सेंटिमीटर. दर लिटरमागे उष्णता निसटायला जागा निम्मीच. उष्णता बाहेर पडते ती पृष्ठभागातून, त्यामुळे दोघांचं जेवण आठ जणांच्या जेवणापेक्षा माणशी जास्त इंधन खातं.

त्यात भांड्याचं वजन धरा. २०० मिलीलिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे ६३ किलोज्यूल पुरतात. पण ते एक किलो वजनाच्या स्टीलच्या पातेल्यात ठेवलं, तर तेवढंच तापायला पातेलंच आणखी ३७ किलोज्यूल घेतं. पाण्याला लागतात त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता नुसत्या धातूत गेली. त्याच पातेल्यात एक लिटर पाणी असतं तर भांड्याचा वाटा पाण्याच्या आठव्या हिश्शाहूनही कमी राहिला असता. दोघांच्या घरात वजनाने हलकं, लहान तोंडाचं आणि नीट बसणाऱ्या झाकणाचं एक भांडं असणं हा माझ्या मते सगळ्यात खात्रीचा खर्च आहे.

झाकणाचं महत्त्व तर आकड्यांतच दिसतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ३१४ किलोज्यूल लागतात. तेच पाणी पूर्ण वाफ होऊन जायला मात्र सुमारे २२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपट. उघड्या पातेल्यातून १०० मिलीलिटर पाणी उडून गेलं, तर तेवढ्या उष्णतेत जवळजवळ पाऊण लिटर पाणी नव्याने उकळीला आलं असतं. आणखी एक गोष्ट: समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं आणि उघड्या भांड्यात त्यापुढे तापत नाही. उकळी फुटल्यावर आच मोठी ठेवली तर अन्न लवकर शिजत नाही, फक्त वाफ जास्त होते. उकळी आली की आच बारीक करावी, पदार्थ तेवढ्याच वेळात होतो.

१०० अंशांच्या पुढे जायचं तर दाब वाढवावा लागतो. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यांनी १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे घट्ट बंद होणारं भांडं मांडलं, तो आपल्या कुकरचा पूर्वज. आत हवेच्या दाबाच्या दुप्पट दाब झाला की पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं. रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणून शिजायचा वेळ इतका घटतो. कुकरमध्ये दाब आल्यावर आच कमी केली तर शिट्टीवाटे जाणारी वाफही वाचते.

गॅस बंद करून उरलेल्या उष्णतेवर शिजवण्याची रीत जुनी आहे: उकळतं भांडं जाड चादरीत किंवा गवताने भरलेल्या पेटीत गुंडाळून ठेवायचं. भौतिकशास्त्र तिच्या बाजूने आहे, कारण धान्यातलं पिष्ट (स्टार्च) शिजायला साधारण ६० ते ८० अंश पुरतात. पण पुन्हा तोच पृष्ठफळाचा नियम आड येतो. लहान भांडं लवकर निवतं. भांडं काठोकाठ भरलेलं असेल तरच हा प्रयोग करावा. तापमान ६० अंशांच्या खाली गेलं की जिवाणू वाढू लागतात, म्हणून अन्न कोमट होऊन तासन्‌तास पडून राहता कामा नये. त्यापेक्षा सोपं म्हणजे एकदाच दुप्पट शिजवावं आणि अर्धं उथळ डब्यात घालून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावं.

फ्रिज हे मात्र वेगळं प्रकरण आहे. तो थंडी तयार करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. भिंतींतून आत झिरपणारी उष्णता घरात कितीजण आहेत हे विचारत नाही. तो एकासाठी चालतो तसाच चौघांसाठी चालतो, दिवसरात्र. म्हणून माणसं तेवढीच राहून घरं वाढली तरी एकूण खर्च वाढतो. लोकसंख्येपेक्षा घरांची संख्या वेगाने वाढते आहे आणि त्याचा भार निसर्गावर पडतो, हे संशोधक ज्यांग्वो ल्यू आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं होतं. दोघांच्या घरात गरजेपेक्षा मोठा फ्रिज घेऊ नये, आणि आहे त्याच्या मागे हवा खेळायला जागा सोडावी. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून बंद करा. ती सहज ओढून निघाली तर तिथून गार हवा निसटते आहे.

आपल्या घराचा हा कायमचा खर्च किती, ते मीटरच सांगतो. बऱ्याच डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी लिहिलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल. उदाहरणार्थ ३२०० वेळा. आपण एरवी बंद करतो ती सगळी उपकरणं बंद करा, फ्रिज चालू राहू द्या आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. १० सेकंद आले तर तासाला ३६० लुकलुकी, म्हणजे सुमारे ११२ वॉट. फ्रिजची मोटर थांबलेली असताना पुन्हा मोजा. आता अंतर काही मिनिटांवर गेलं नाही, तर घरात आणखी काहीतरी चालू आहे. एकेक प्लग काढत गेलात की ते नेमकं काय आहे ते सापडतं.