लाल रेघ, पिवळी रेघ आणि उलटा अंगठा

संगीताच्या वर्गात हल्ली एक वाक्य वारंवार ऐकू येतं: ‘हा बघून शिकणारा आहे, याला रंगीत नोटेशन द्या.’ कुणी ऐकून शिकणारा असतो, कुणी हालचालीतून. ही वर्गवारी गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत रुळली. रंग, हाताच्या खुणा, अंगाची हालचाल ही साधनं मात्र तिच्याहून कितीतरी जुनी आहेत आणि त्यांतली बरीचशी एकाच अवघड जागेभोवती जमलेली दिसतात.

ती जागा म्हणजे ग आणि म यांच्यातलं अंतर. शुद्ध सप्तकात सा-रे, रे-ग या पूर्ण पायऱ्या, ग-म मात्र अर्धी. नि आणि वरचा सा यांच्यातही तसंच. पेटीवर पांढरी एकचा सा धरला तर ग-म आणि नि-सा यांच्यामध्ये काळी पट्टी नसते, तेवढ्यावरून हे लक्षात येतं. नवशिका गळा नेमका इथे घसरतो.

मध्ययुगीन युरोपात स्वरांमधल्या अंतरांचं हे शास्त्र गाणाऱ्यांसाठी नव्हतंच. सहाव्या शतकातल्या बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाने खरा संगीतज्ञ म्हणून गौरवलं ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला नाही, तर संगीताची पारख बुद्धीने करणाऱ्याला. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझ्झोच्या गीदो या संन्याशावर गायक मुलांना शिकवायची वेळ आली, तेव्हा त्याने एका पत्रात साफ लिहिलं की बोएथियसचा ग्रंथ तत्त्वज्ञांच्या कामाचा, गायकांच्या नव्हे. त्याने संत योहानाचं एक स्तोत्र घेतलं. त्याच्या पहिल्या सहा तुकड्यांतला प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो. त्या तुकड्यांची पहिली अक्षरं म्हणजे उत, रे, मी, फा, सोल, ला. तुकडा आठवला की स्वर सापडला. या सहा स्वरांत अर्धी पायरी एकच, मी आणि फा (आपले ग आणि म) यांच्यामध्ये, बरोबर मधोमध.

याच गीदोने स्वरलेखनाच्या रेघांना रंग दिले. ‘फा’ची रेघ लाल, ‘दो’ची (‘उत’चं पुढचं नाव, आपला सा) पिवळी. म्हणजे ज्या दोन स्वरांच्या लगेच खाली अर्धी पायरी आहे, त्याच दोन रेघा रंगीत. रंगाला काम होतं: इथे जपून. पुढे रंग गेले, त्यांचं काम ओळीच्या सुरुवातीला काढतात त्या चिन्हांकडे (क्लेफ) आलं आणि पाच रेघांचं जे नोटेशन उरलं त्यात रेघ आणि घर यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखंच दिसतं. डोळ्याला तिथे अर्धी पायरी दिसत नाही. प्रत्येक स्वराला वेगळा रंग देणाऱ्या आजच्या पद्धतीतही ती दिसत नाही, हे सांगितलेलं बरं.

गीदोच्या नावाने एक हातही प्रसिद्ध आहे. डाव्या हाताच्या पेरांवर स्वर बसवलेले, गुरू पेराकडे बोट दाखवणार आणि मुलं गाणार. त्याच्या स्वतःच्या लेखनात हा हात सापडत नाही. नंतरच्यांनी तो त्याला चिकटवला. आपल्याकडे नारदीय शिक्षा या जुन्या संस्कृत ग्रंथात ‘गात्रवीणा’ सांगितली आहे: सामवेद गाणाऱ्याने बोटांवर ठरवून दिलेल्या स्वरस्थानांना अंगठ्याने स्पर्श करत गायचं. दोन परंपरा, एकमेकींशी संबंध जोडायचं कारण नाही, पण दोन्हीकडे हाताशी असलेली पाटी एकच.

एकोणिसाव्या शतकात हात पुन्हा आला. इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन हा धर्मोपदेशक. स्वतःला नोटेशन वाचून गाणं जड जायचं, आणि १८४१ मध्ये रविवारच्या शाळांसाठी सोपी पद्धत शोधायचं काम त्याच्याकडेच आलं. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांची स्वरांची शिडी त्याने उचलली, वाढवली आणि पुढे प्रत्येक स्वराला हाताची खूण दिली. या खुणांच्या आज रूढ असलेल्या रूपात फा म्हणताना अंगठा खाली, म्हणजे मी कडे झुकलेला. ती (आपला नि) म्हणताना तर्जनी वर, दो कडे ओढ घेणारी. अर्ध्या पायरीचं इतकं सोपं चित्र मला दुसरं माहीत नाही.

या खुणा पुढे हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या शिकवण्याच्या पद्धतीत शिरल्या. त्यांनी लोकगीतांवर भर दिला आणि लहान मुलांची सुरुवात पाच स्वरांच्या, अर्धी पायरी नसलेल्या गाण्यांपासून केली. फा आणि ती उशिरा. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फच्या मुलांसाठीच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यांतून तर त्या दोन पट्ट्या काढूनच ठेवता येतात. जिनिव्हात संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझचा प्रश्न वेगळा होता. त्याचे विद्यार्थी कागदावर स्वरसंगती मांडायचे, पण मांडलेलं त्यांना मनात ऐकू येत नसे. म्हणून त्याने त्यांना चालायला, हात हलवायला लावलं. हे विद्यार्थी संगीत महाविद्यालयातले होते, ‘हालचालीतून शिकणारी मुलं’ नव्हेत.

भातखंडे यांनी लक्षणगीतांचा मोठा वापर केला: रागाचा थाट (मूळ स्वरसंच), वादी-संवादी (मुख्य दोन स्वर), वर्ज्य स्वर बंदिशीच्या शब्दांतच आणि बंदिश त्याच रागात. व्याख्या पाठ होते तेव्हा तिचा पुरावाही गळ्यातून निघत असतो.

मुलांची प्रकारवारी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोफावली. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं. माणसांना आवडीनिवडी असतात, हे त्यांनी नाकारलं नाही. पण ‘प्रकार’ ओळखून त्याप्रमाणे शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

आवड आणि गरज यांत मात्र फरक आहे. १८२९ मध्ये लुई ब्रेलने आपली ठिपक्यांची लिपी छापली, तिच्यात संगीतही होतं. तो स्वतः ऑर्गन वाजवायचा. त्या लिपीच्या आजच्या रूपात रेघा नाहीत. सहा ठिपक्यांपैकी वरचे चार स्वर सांगतात, खालचे दोन त्याची लांबी. एक हात वाचण्यात गुंतल्यामुळे वादकाला तुकड्या-तुकड्याने पाठ करावं लागतं. त्याच्या बोटाखाली मी आणि फा ही फक्त शेजारची दोन अक्षरं असतात. अंतर अर्धं आहे हे ठिपकेही सांगत नाहीत. ते त्याने आधी गाऊन घेतलेलं असावं लागतं.