डोक्यातली गाठ नाकातून? पिट्युटरीच्या ऑपरेशनआधी आणि नंतरच्या टेस्टबद्दल

नमस्कार. नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये हार्मोनची चिठ्ठी घेऊन येणारे बरेच जण आधी हेच विचारतात, भाऊ, गाठ डोक्यात आहे म्हणता मग नाकातून कशी काढून राहिले? म्हणून हा कागद. उपचार डॉक्टरच ठरवतील, आम्ही फक्त समजावून सांगतो.

पिट्युटरी म्हणजे हार्मोन बनवणारी ग्रंथी, वाटाण्याएवढी असते, मेंदूच्या खाली हाडाच्या खोबणीत, नाकाच्या सरळ मागे, त्यामुळे नाकातूनच रस्ता जवळचा. नाकपुडीतून दुर्बीण घालायची, मागच्या पोकळीतून पुढे जाऊन पातळ हाड उघडायचं आणि गाठ काढायची, कवटी उघडायचं काम नाही. नाकातून जायची युक्ती जुनीच, १९०७ मध्ये श्लोफर नावाच्या सर्जनने केली होती, दुर्बीण मात्र १९९० नंतर रुळली. आणि घाबरू नका, या गाठी बहुतेक वेळा कॅन्सरच्या नसतात.

पण सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) बनवणारी गाठ असली तर बहुतेकदा आधी कॅबरगोलिनची गोळीच देतात. ग्रोथ हार्मोनवाली (अंगठी बोटात अडकते, चपलेचा नंबर वाढतो) आणि कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन वाढवणारी (चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, हातपाय बारीक), या दोन्हीत सहसा आधी ऑपरेशन.

आता आमचं काम. प्रोलॅक्टिन ताणानेही वाढतं, थायरॉइड कमी असेल तरी वाढतं आणि उलटीसाठीच्या डॉमपेरिडोननेही वाढतं, म्हणून गणेशपेठ स्टँडवरून धावत आल्या आल्या हात पुढे करू नका, थोडं बसा, आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही, त्याने आकडे चुकतात. डेक्सामेथासोनच्या टेस्टला (गोळीने कॉर्टिसोल दबतं का ते बघायला) १ मिलिग्रॅम रात्री ११ ला घ्यायची, अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी असेल तर दोन, आणि रक्त सकाळी ८-९ ला. एक काका ती सकाळी चहासोबत घेऊन आले, मग सगळं परत करावं लागलं. कॉर्टिसोलसाठी २४ तासांची लघवी जमवताना पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या सकाळची पहिली मात्र डब्यात धरायची, नेमकं इथेच लोकांचं उलटसुलट होतं. एसीटीएचचं (कॉर्टिसोल बनवायला सांगणारं पिट्युटरीचं हार्मोन) सॅम्पल बर्फात ठेवून लगेच मशीनमध्ये फिरवावं लागतं, नागपूरच्या मे महिन्यात ते घरून आणता येत नाही, म्हणून त्यासाठी होम कलेक्शन नाही, रागावू नका काकू.

ऑपरेशननंतर खरी काळजी. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून, जड उचलायचं नाही. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं टपटप आलं तर लगेच हॉस्पिटलला फोन. सारखी तहान आणि सारखी लघवी लागली तर "उन्हाळाच आहे बाप्पा" म्हणून सोडू नका, पाणी रोखणारं हार्मोन कमी पडल्यानेही तसं होतं, किती पाणी प्यायलात आणि किती लघवी झाली ते वहीत लिहा. उलट कधी साधारण आठवड्याभराने सोडियम खाली जातं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो, आणि तोवर पेशंट घरी चंद्रपूर-गोंदियाला पोचलेला असतो. म्हणून डॉक्टरांनी सोडियमची तारीख दिली असेल तर ती चुकवू नका, गावाजवळच्या लॅबमध्ये केलं तरी चालेल, आमच्याकडेच यायला पाहिजे असं नाही.

कॉर्टिसोलवाल्या गाठीत ऑपरेशननंतर कॉर्टिसोल एकदम खाली आलं तर ती चांगली बातमी असते, पण उरलेली ग्रंथी जागी व्हायला महिने लागतात, तोवर कॉर्टिसोलच्या जागी दिलेली हायड्रोकॉर्टिसोनची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त देण्याआधी की नंतर, ते डॉक्टरांना आधीच विचारून या. ग्रोथ हार्मोनवाल्यांची आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोन किती आहे याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) साधारण तीन महिन्यांनी, उपाशी नसलात तरी चालतं.

येताना जुने रिपोर्ट आणा, आणि शक्यतो टेस्ट एकाच लॅबमध्ये करा, मशीन बदललं की आकडाही थोडा बदलतो.