शोधनिबंधांतून ज्ञाननिष्कर्षण

शोधनिबंधांच्या सलग मजकुरातून नावे, मोजमापे आणि त्यांचे परस्परसंबंध न्यूरल नेटवर्कच्या (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचनेच्या) साहाय्याने वेचून ते तक्त्यात किंवा नॉलेज ग्राफमध्ये, म्हणजे नावे व त्यांचे संबंध जोडणाऱ्या जाळ्यात, मांडण्याची पद्धत. ‘मेटॅलॅक्झिलमुळे द्राक्षावरील केवडा आटोक्यात येतो’ या वाक्यातून औषध, संबंध आणि रोग अशी तीन पदे निघतात. अशी असंख्य त्रिके जोडली की ग्राफ तयार होतो.

लेखांमधले धागे जुळवण्याचे काम पूर्वी माणसेच करत. शिकागो विद्यापीठातील डॉन स्वॉन्सन यांनी १९८६ मध्ये परस्परांची दखलही न घेणारे लेख एकत्र वाचून माशाचे तेल रेनॉ विकारावर (थंडीत बोटांचा रक्तपुरवठा आक्रसण्यावर) उपयोगी ठरावे, असे अनुमान मांडले. पुढे २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही न्यूरल नेटवर्कची नवी रचना, २०१८ मध्ये तिच्यावर आधारलेले बर्ट हे भाषा मॉडेल आणि २०१९ मध्ये शास्त्रीय लेखांवरच शिकवलेले सायबर्ट आले. त्यासाठी वापरलेल्या ११.४ लाख लेखांपैकी ८२ टक्के जीववैद्यकाचे होते, उरलेले संगणकशास्त्राचे. शेतीला त्यात वेगळे स्थान नव्हते.

नाशिकच्या द्राक्षाला हे तंत्र लावले की त्याची खोच कळते. भुरी या रोगाची बुरशी जुन्या लेखांत अन्सिन्युला नेकेटर, नव्या लेखांत एरिसिफे नेकेटर. पण हा गुंता समानार्थी नावांच्या यादीने बराचसा सुटतो. निष्कर्ष ज्या अटींत खरा ठरतो, त्यांचे तसे नाही. निफाड-दिंडोरीकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. फवारणीचा आणि जी.ए.चा (जिब्रेलिक आम्ल या वाढसंप्रेरकाचा) हिशेब फळछाटणीनंतरच्या दिवसांवर चालतो. फ्रान्समधली वेल हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि तिची मुख्य छाटणी एकदाच होते. तिथला निष्कर्ष त्रिकात कोंबला की ठिकाण, वाण, मात्रा आणि वेळ गळून पडते; राहते ते चूक नसते, पण पिंपळगावच्या बागायतदाराच्या कामाचेही नसते. वर्षही तितकेच महत्त्वाचे: १९८० च्या दशकात युरोपात मेटॅलॅक्झिलला न जुमानणारा केवडा आढळल्यावर वरचे साधे वाक्यही अपुरे ठरले. त्यामुळे अटी सोबत बाळगणारी, तीनहून अधिक पदांची नोंद त्रिकापेक्षा सरस मानावी, जरी तिच्यासाठी नमुना वाक्यांवर खुणा करताना पीकतज्ज्ञांचा बराच वेळ जातो.

‘फरक आढळला नाही’ यातला नकार आणि ‘असावा’ यातली शंका नेटवर्क सहज ओलांडून जाते. अलीकडची मोठी भाषा मॉडेले मोजक्या उदाहरणांवरही नोंदी काढतात, मात्र मूळ लेखात नसलेला आकडाही बिनदिक्कत भरतात. म्हणून प्रत्येक नोंदीला मूळ वाक्य जोडून ठेवतात. मात्रेचे आकडे तर बहुधा तक्त्यांत असतात, आणि पीडीएफमध्ये दोन पानांवर फुटलेला तक्ता उलगडणे वाक्य वाचण्याहून जिकिरीचे असते.