नाशिकपेक्षा लहान देश आणि क्लच प्लेटचा भाव

नाशिकला शालिमारजवळच्या एका स्पेअरपार्टच्या दुकानात गेल्या महिन्यात उभा होतो. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाने स्प्लेंडरचा चेन-सॉकेट मागितला. (शब्द स्प्रॉकेट आहे, पण गॅरेजात तसं कुणी म्हणत नाही.) पोऱ्याने शिडीला हातही न लावता तीन कंपन्यांचे डबे काउंटरवर टाकले, 'कोणता देऊ?' माझ्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेली, माझ्या जुन्या राजदूत ३५० मोटरसायकलची झिजलेली क्लच प्लेट होती. शेठनी ती उजेडात धरली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, 'नंबर देऊन ठेवा, बघतो. पण मग भावाचं बोलू नका.'

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला नोकरीसाठी गेलेला माझा भाचा फोनवर नेमकं हेच रडगाणं गातो. फरक इतकाच, की तिथे चालू मॉडेलच्या जपानी गाडीलाही हेच उत्तर मिळतं.

न्यूझीलंडची लोकसंख्या सुमारे ५० लाख. २०११च्या जनगणनेत एकट्या नाशिक जिल्ह्याची ६१ लाखांवर होती. म्हणजे मालेगाव-सटाण्यासकट आपला जिल्हा उचलून समुद्रात नेऊन ठेवला, तरी त्या देशापेक्षा तो गर्दीचाच ठरेल. पार्ट महाग म्हणून तिथे लोक पहिला दोष कराला देतात, पण हिशेब जुळत नाही. गाड्यांवरचं सीमाशुल्क न्यूझीलंडने १९९८ मध्ये शून्यावर आणलं. त्याच वर्षी देशातले मोटारी जोडण्याचे उरलेसुरले कारखाने बंद पडले, आणि मुख्य वितरकाला वगळून बाहेरून माल आणायची मोकळीकही त्याच सुमारास मिळाली. त्यांचा जीएसटी १५ टक्के, आपल्या १८पेक्षा कमी. तरी पार्ट महाग.

मग पैसा जातो कुठे? फळीवर. एका मोटरसायकलचे लहानमोठे सुटे भाग शेकड्यांनी असतात. एखाद्या मॉडेलच्या देशभरात तीनचारशे गाड्या फिरत असतील, तर आयातदाराला त्यातला प्रत्येक पार्ट निदान एकेक ठेवावा लागतो, आणि त्यातले कित्येक वर्षानुवर्षं हलत नाहीत. विकला जाणारा पार्ट न विकल्या जाणाऱ्या दहांचं भाडं आणि व्याज अंगावर घेऊन विकला जातो. माल ठेवायचाच नाही असं ठरवलं तर तो विमानाने एकेक मागवायचा, मग प्लेटेपेक्षा पार्सल महाग. आपल्याकडच्या दुकानदारांच्या भाषेत सगळा फरक 'चालता माल' आणि 'पडून माल' एवढाच आहे. स्प्लेंडरचा चेन-सॉकेट आठवड्यात संपतो, म्हणून त्यावर थोडे पैसे सुटले तरी दुकान चालतं.

आज हे सांगताना आपण मोठ्या बाजाराच्या तोऱ्यात असतो. २०१८-१९ या एका वर्षात भारतात २ कोटींहून जास्त दुचाक्या विकल्या गेल्या. पण मोटरसायकलच्या बाबतीत १९८५पर्यंत भारत हाच एक लहान देश होता. लोकसंख्या अफाट, गाड्या मोजक्या. लष्करासाठी मागवलेल्या बुलेटचे भाग १९५५ पासून इंग्लंडहून मद्रासला येऊन जोडले जात. म्हैसूरला जावा, फरीदाबादला एस्कॉर्ट्सची राजदूत. नवं मॉडेल काढायचं तर परवाना, बाहेरून पार्ट आणायचा तर आयात परवाना, आणि परकीय चलनाची कायमची चणचण. अशा वेळी पार्ट महाग की स्वस्त हा प्रश्नच पुढचा, आधी तो असायला हवा. म्हणून आपल्या मेस्त्रींनी वेगळी विद्या कमावली. पिस्टन मिळत नाही? ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन बोअर करा आणि दुसऱ्या गाडीचा पिस्टन बसवा. प्लेटा गेल्या? लायनिंग चिकटवून घ्या. 'जुगाड' म्हणून आज त्याचं कौतुक होतं. मला त्यात कौतुकापेक्षा नाइलाज जास्त दिसतो.

आणि गंमत बघा, बुलेट बनवणाऱ्या इंग्लंडमधल्या मूळ एनफिल्डने गाशा गुंडाळला आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडला जाऊ लागली. तिकडचे शौकीन पार्टसाठी आपल्याकडे बघू लागले.

माझी राजदूत ३५० याच काळाच्या शेवटची. १९८३ मध्ये आलेली, मुळात यामाहाची आरडी ३५०. बरेच भाग जपानचे, ॲव्हरेज बेताचं, गिऱ्हाईक थोडं. पार्टच्या भावाची ओरड तेव्हापासूनच होती. तिच्या पाठोपाठ १००सीसीची लाट आली: इंड-सुझुकी, १९८५ ची हिरो होंडा सीडी १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज. सरकारची अट होती की देशी भागांचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढलं पाहिजे. पण अटीपेक्षा मोठा धक्का दिला जपानी येनने. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांचा चलनकरार झाला आणि दोन-अडीच वर्षांत येन डॉलरच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट चढला. जपानहून येणारी पेटी न परवडणारी झाली, तेव्हा पार्ट इथेच बनवणं ही कंपन्यांची गरज बनली. पुणे, वाळूज, दिल्लीजवळचा पट्टा इथे पुरवठादार वाढले. आपल्या सातपूर-अंबडच्या गाळ्यांतून ज्यांनी प्रेसची, टर्निंगची कामं घेतली, त्यांना मोठ्या कंपनीमागून धावण्याचा फायदा आणि त्रास दोन्ही माहीत आहेत.

नाशिकला यावर आणखी एक थर होता, जकातीचा. मुंबईहून ट्रान्सपोर्टने आलेली पेटी विल्होळीच्या नाक्यावर थांबायची. पंचवटी एक्स्प्रेसने अपडाऊन करणाऱ्या ओळखीच्याला 'येताना चोर बाजारातून एवढं घेऊन ये' अशी चिठ्ठी देण्यामागे वेळ वाचवणं हे एकच कारण नसायचं. जकात २०१३ मध्ये गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तो बहुतेक पार्टवर २८ टक्के, २२ सप्टेंबर २०२५ पासून १८.

एक गोष्ट मात्र आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिची किंमत कळत नाही: पाकिटावर छापलेली एमआरपी. १९९० पूर्वी पाकिटांवर 'स्थानिक कर वेगळे' असं असायचं आणि त्या 'वेगळे'मध्ये दुकानदार काय काय घालायचा ते तोच जाणे. नियम बदलला आणि सर्व करांसह किंमत छापणं आलं. आता कंपनीचा पार्ट नाशिकला आणि गडचिरोलीला छापील एकाच भावाचा. न्यूझीलंडमध्ये अशी छापील मर्यादा नाही. दुकानदार लावेल तो भाव.

बाहेरून येणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या बाबतीत नाशिक आजही ऑकलंडच आहे. उदाहरणापुरतं, समजा पार्ट १,००० रुपयांचा आणि विमानभाडं २००. सीमाशुल्क १,२०० वर लागतं, नुसत्या १,००० वर नाही. १५ टक्के धरा, झाले १,३८०. त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले १,६२८. अजून आयातदाराने आणि दुकानदाराने आपलं काही घेतलेलंच नाही. शिवाय पार्ट फक्त अधिकृत डीलरकडेच मिळणार असेल तर घासाघीसही खुंटते. मोटारींच्या बाबतीत याच मुद्द्यावर स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. दुचाक्या त्यात नव्हत्या.

लहान देशाची दुसरी दुखरी बाजू श्रीलंकेत दिसली. २०२० मध्ये चलन वाचवायला वाहनांची आयात थांबली, ती खाजगी गाड्यांना २०२५ च्या फेब्रुवारीत खुली झाली. मधल्या काळात लोक जुन्याच गाड्या रेटत राहिले, आणि २०२२ मध्ये काही आठवड्यांत डॉलर २०० वरून ३६० श्रीलंकन रुपयांच्या आसपास गेला. पार्ट तोच, दुकान तेच, भाव मात्र चलनासोबत पळाला.

माझ्या प्लेटांचं म्हणाल, तर बारा दिवसांनी शेठचा फोन आला. दिल्लीच्या करोल बागेत सापडल्या, पण तिथला माणूस एक सेट सुटा द्यायला तयार नव्हता, म्हणून दोन घ्यावे लागले. 'दुसराही तुम्हीच घेऊन जा,' शेठ म्हणाले, 'नाहीतर माझ्याकडे माझा मुलगा म्हातारा होईपर्यंत पडून राहील.' दोन्ही घेतले. भावाचं बोललो नाही.