पडद्यामागचा पाझर

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात एप्रिलच्या टळटळीत उन्हातून पाऊल टाकले, की पहिले काही क्षण कोणालाच धड काही दिसत नाही. जाड भिंती, ठेंगणी दारे आणि एखाद-दुसऱ्या झरोक्यातून येणारा उजेड एवढ्यावरच त्या घराचा कारभार चालतो. नातवंड जरा डोळे चोळते आणि पाण्याच्या माठाकडे धावते. आजी मात्र उंबऱ्याच्या आत, भिंतीला हात टेकून, बराच वेळ थांबून राहते. घरातले लोक याचा दोष मोतीबिंदूवर टाकतात आणि तो काही अंशी खराही असतो, कारण वय वाढते तशी बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडते आणि साठीत डोळ्याच्या तळाशी पोहोचणारा प्रकाश विशीतल्या प्रकाशाच्या जेमतेम एक-तृतीयांश उरतो. परंतु मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन नवे स्वच्छ भिंग बसलेली आजीही अंधारात तशीच थबकते, तेव्हा कारण आणखी मागे, ज्याला आपण बोलीत डोळ्याचा पडदा म्हणतो त्या दृष्टिपटलात आणि त्याच्या रक्तपुरवठ्यात शोधावे लागते.

दृष्टिपटल साधारण पाव मिलिमीटर जाडीचे असते. एवढ्याशा जाडीत सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी आणि ६० लाख शंक्वाकृती पेशी बसलेल्या असतात. पहिल्या मंद उजेडात कामाला येतात, दुसऱ्या भर उजेडात आणि रंगांसाठी. वजनाच्या मानाने शरीरातल्या सर्वांत खादाड ऊतींमध्ये या पटलाची गणना होते, आणि गंमत म्हणजे या पेशींची भूक उजेडापेक्षा अंधारात जास्त असते. ही भूक भागवण्यासाठी निसर्गाने दोन वेगवेगळ्या वाटांनी रक्त आणले आहे. पटलाच्या आतल्या बाजूच्या थरांना एकच मध्यवर्ती धमनी आणि तिच्या फांद्या रक्त पुरवतात. बाहेरच्या बाजूला असलेल्या प्रकाशसंवेदी पेशींच्या थरात मात्र एकही रक्तवाहिनी नसते. त्यांना मिळते ते सारे मागच्या कोरॉइड नावाच्या, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या थरातून झिरपून येते. डोळ्यात येणाऱ्या रक्तातला चारांतला तीन वाटा, किंबहुना त्याहून थोडा अधिकच, या कोरॉइडकडे जातो. ते रक्त वेगाने येते आणि आपल्याजवळच्या प्राणवायूतला अगदी थोडा भाग देऊन परत जाते. म्हणजे रक्ताचा तुटवडा येथे सहसा नसतो. अडचण असते ती झिरपण्याची.

ही अडचण समजून घ्यायला आपल्याकडच्या पाझर तलावाइतका चांगला दाखला मला दुसरा सुचत नाही. १९७२च्या दुष्काळात लोकांनी रोजगार हमीच्या कामावर खोदलेल्या अशा तलावांचा हेतू पाणी साठवून ठेवण्याचा नव्हता, तर ते जमिनीत मुरून खालच्या अंगाच्या विहिरींना लागावे हा होता. वर्षानुवर्षे ओढ्याबरोबर आलेला बारीक गाळ तळाशी बसत गेला, की तलाव काठोकाठ भरलेला असूनही खालची विहीर कोरडी राहते. कोरॉइड आणि प्रकाशसंवेदी पेशी यांच्यामध्ये ब्रुख या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे एक पातळ पटल असते, आणि वयाबरोबर नेमके त्याच्यातच गाळ साचू लागतो. तरुणपणी या पटलाची जाडी सुमारे २ सहस्रांश मिलिमीटर असते, उतारवयात ती दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते, आणि जाडीपेक्षा त्रासदायक गोष्ट म्हणजे त्यात स्निग्ध पदार्थ भरत जातात. पाण्यात विरघळलेली पोषकद्रव्ये अशा तेलकट भिंतीतून सहजी जात नाहीत. त्याच सुमारास कोरॉइडही पातळ होत जाते आणि पटलाला लगटून असलेले त्याचे केशवाहिन्यांचे जाळे विरळ होते.

हा गाळ येतो कोठून, हे पाहण्यासाठी ब्रुख पटलावर बसलेल्या एका पेशीथराकडे वळावे लागते. काळपट रंजकद्रव्याने भरलेला हा एकेरी थर प्रकाशसंवेदी पेशींची चाकरी करतो. त्या पेशी आपल्या टोकाचा सुमारे दहावा हिस्सा रोज झाडून टाकतात आणि तळाशी तेवढाच नवा तयार करतात. झडलेला भाग रंजकथरातल्या पेशी गिळतात, पचवतात आणि उरलेला कचरा मागे कोरॉइडकडे लोटतात. या पेशी जन्मभर त्याच राहतात, त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. ७० वर्षे रोज इतरांचे उष्टे काढणाऱ्या पेशीच्या पोटात न पचलेला पिवळट अवशेष साठत जावा आणि बाहेर लोटलेला कचरा वाटेतच अडकावा, यात नवल ते काय? ब्रुख पटलाजवळ साचलेल्या या कचऱ्याच्या ढिगांना ड्रुझेन म्हणतात. डॉक्टरांना ते पडद्यावर फिकट पिवळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. बारीक आणि मोजके ठिपके उतारवयात सर्रास आढळतात, मोठे आणि एकमेकांत मिसळलेले ठिपके मात्र धोक्याची खूण मानली जातात.

आता पुन्हा उंबऱ्याशी थांबलेल्या आजीकडे येऊ. प्रखर उजेडात दंडाकार पेशींमधले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य विरंजित होते, म्हणजे त्याचा रंग उडतो, आणि ते पुन्हा तयार करायला अ जीवनसत्त्वाचा विशिष्ट रूपातला साठा लागतो, जो रक्तातून, ब्रुख पटलातून आणि रंजकथरातून वाट काढत येतो. ही वाट मंदावली, की डोळा अंधाराला सरावायला जास्त वेळ घेतो. पूर्ण सरावायला तरुणपणीही अर्धा तास लागतो, म्हातारपणी त्याहून पुष्कळ अधिक. घरातले लोक अशा वेळी गाजर आणि शेवग्याचा पाला सुचवतात. आहार म्हणून ते उत्तमच. पण या आजीच्या रक्तात जीवनसत्त्वाची उणीव असेलच असे नाही, ते रक्तात असूनही पलीकडे वेळेवर पोहोचत नाही. शिवाय पीतबिंदूच्या, म्हणजे पडद्याच्या बारीक कामाच्या मध्यभागाच्या, भोवतालच्या दंडाकार पेशी वयाबरोबर मोठ्या संख्येने नष्ट होतात, तर मधल्या शंक्वाकृती पेशी बऱ्याच प्रमाणात टिकून राहतात. म्हणूनच दवाखान्यातल्या उजेडात तक्त्यावरची अक्षरे नीट वाचणारा माणूस संध्याकाळी बांधावरून चालताना अडखळतो, आणि घरच्यांना ते सोंग वाटते.

काही जणांमध्ये ही झीज वयाच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे जाते आणि पीतबिंदूचा ऱ्हास सुरू होतो. त्याच्या कोरड्या प्रकारात पेशी हळूहळू मरत जातात. ओला प्रकार मात्र झपाट्याने वाढतो: पडद्यामागच्या ऊती नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारे एक प्रथिन सोडू लागतात, आणि ज्या वाहिन्या येतात त्या गळक्या निघतात. पडद्याखाली पाणी किंवा रक्त साचून दाराची चौकट वाकडी आणि आखीव वहीच्या रेषा लहरी दिसू लागतात. एकेक डोळा झाकून पाहिल्याखेरीज हे लक्षात येत नाही, कारण चांगला डोळा दुसऱ्याची चूक झाकून नेतो. २००५च्या सुमारापासून त्या प्रथिनाला रोखणारी, थेट डोळ्यात द्यायची इंजेक्शने वापरात आली. डोळ्यात सुई म्हटल्यावर माणूस दचकतो, पण भूल दिल्यामुळे वेदना फारशी होत नाही. खरी कसोटी असते ती पुन्हापुन्हा शहराच्या फेऱ्या मारण्याची. आनुवंशिकता आपल्या हाती नाही, बिडी-सिगारेट मात्र हातातलीच आहे, आणि धूम्रपान हे या आजाराचे पक्के ठाऊक असलेले कारण आहे.

आतल्या बाजूच्या रक्तपुरवठ्याचे म्हातारपण वेगळ्या रीतीने येते. धमन्या अरुंद आणि जाड होतात, आणि रक्तदाब जुना असेल तर डॉक्टर त्यांना चक्क तांब्याच्या तारेची आणि पुढे चांदीच्या तारेची उपमा देतात. पडद्यावर धमनी आणि शीर एकमेकींना जेथे ओलांडतात तेथे दोघींचे वेष्टन एकच असते. कडक झालेली धमनी शिरेला दाबते, आतले रक्त साकळते आणि त्या शिरेच्या हद्दीतला पडदा रक्ताने माखतो. मुख्य धमनीच तुंबली तर दुखत-खुपत काही नसताना एका डोळ्याची दृष्टी क्षणात जाते. माकडांवरील प्रयोगांत रक्तावाचून पडदा सुमारे १०० मिनिटे तग धरतो आणि ४ तासांत बहुतेक नष्ट होतो, असे दिसले आहे. म्हणून अशा वेळी सकाळची वाट न पाहता तातडीने मोठे रुग्णालय गाठावे लागते. मधुमेहात केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात आणि वाहिन्यांना फुगे येतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

जिवंत माणसाचा पडदा पाहण्याचे साधन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ साली जगापुढे ठेवले, आणि १९९१ साली पुढे आलेल्या ओसीटी, म्हणजे प्रकाशलहरींनी पडद्याचा छेद दाखवणाऱ्या, यंत्राने पुढे त्याचे थर कागदाच्या घड्यांसारखे सुटे दाखवायला सुरुवात केली. पण ही दोन्ही साधने प्रकाशावर चालतात. खेड्यात अजूनही पुष्कळ माणसे मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत थांबतात, आणि पिकलेल्या मोतीबिंदूआडून प्रकाश पडद्यापर्यंत जाऊन परत येत नाही. मग उरते ध्वनिलहरींची तपासणी. पडदा जागेवर आहे की सुटला आहे एवढे ती सांगते, ब्रुख पटलातला गाळ तिला दिसत नाही. म्हणून शिबिरात ऑपरेशन अगदी नीट होऊनही पट्टी सुटल्यावर समोरचा चेहरा मधोमध पुसलेला दिसतो, तेव्हा त्या आजोबांना हे आधी कोणी सांगू शकलेले नसते.