सरासरीचा पाऊस आणि माणदेशाची तक्रार : हवामान अंदाजामागचा दीडशे वर्षांचा इतिहास

दर वर्षी एप्रिलच्या मध्याला भारतीय हवामानशास्त्र विभाग मोसमी पावसाचा पहिला दीर्घकालीन अंदाज जाहीर करतो आणि 'यंदा पाऊस सरासरीइतका' ही बातमी सातारा-सांगलीच्या दुष्काळी पूर्व भागात, म्हणजे माणदेशाच्या परिसरात, माण, खटाव, आटपाडी, जतच्या गावागावांत पोहोचते. मृग कोरडा गेला आणि आर्द्राही तशीच सरू लागली, की त्याच गावांत 'वेधशाळेचं कधी खरं झालंय का' असा सूर उमटतो. या रोषाला आधार आहे. मात्र तो नेमका कुठून येतो हे समजून घ्यायचे, तर हा अंदाज मुळात कोणासाठी सुरू झाला हे पाहावे लागते.

हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याआधी १८६४ मध्ये कोलकात्याला चक्रीवादळाने मोठी हानी केली होती आणि १८६६ व १८७१ मध्ये मोसमी पावसाने दगा दिला होता. विभाग उभा राहतो न राहतो तोच १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. त्यात दख्खनचे जिल्हे होरपळले आणि साताराही त्यांपैकीच होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत. पाऊस कमी पडणार असेल, तर धान्य, सारा आणि दुष्काळी कामे यांची तजवीज आधी करता यावी, अशी सरकारची गरज होती. विभागाचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि नंतर येणारा पाऊस यांचा संबंध मांडला, आणि त्या आधारे ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित हंगामी अंदाज देण्यात आला. थोडक्यात, हा अंदाज जन्मला तो राज्यकारभारासाठी. एखाद्या शेतकऱ्याने आपल्या वावरात चाड्यावर मूठ कधी धरावी, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी ठेवलाच गेला नव्हता.

अंदाज चुकल्यावर लोक संतापतात, हेही तेव्हापासूनचेच आहे. ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ साठी चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि त्याच वर्षी देशाच्या मोठ्या भागात पाऊस गेला. वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. सरकारने त्यावर शोधलेला उपाय आजही विचार करायला लावणारा आहे : विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे हंगामी अंदाज गोपनीय ठेवण्यात आले. अधिकाऱ्यांना ते मिळत, रयतेला मिळत नसत. लोकांचा विश्वास गमावण्याची भीती आणि लोकांपासून माहिती दूर ठेवण्याची सवय, या दोन्ही गोष्टी या खात्याच्या इतिहासात इतक्या जुन्या आहेत.

१९०४ मध्ये सूत्रे हाती घेतलेले गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ होते. जगभरातील हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी पडताळून त्यांनी अंदाजाला सांख्यिकीचा पाया दिला. प्रशांत महासागरावरील दाबाच्या ज्या हेलकाव्याचा एल निनोशी (त्या महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याशी) असलेला संबंध पुढे उलगडला, तो त्यांच्याच अभ्यासातून पुढे आला. संपूर्ण देशासाठी एकच आकडा देण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्यांनी द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे भागही पाडले होते. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी आपल्याकडे 'पुणे वेधशाळा' हेच नाव तोंडी राहिले आणि श्रेय असो वा शिव्याशाप, सारे त्याच नावावर जमा होत आले.

१९८८ मध्ये डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले अंदाजाचे गणिती प्रारूप आणले. त्यानंतरची सलग तेरा वर्षे देशपातळीवर पाऊस सरासरीच्या आसपास झाला आणि या प्रारूपाचा दबदबा निर्माण झाला. २००२ मध्ये मात्र सरासरीच्या १०१ टक्क्यांचा अंदाज असताना देशात ८१ टक्केच पाऊस झाला. जुलैत तर सरासरीच्या जवळजवळ निम्माच पाऊस झाला. दोनच वर्षांनी अंदाज पुन्हा चुकला. माणदेशात ही वर्षे टँकर आणि चाऱ्याच्या टंचाईची म्हणून लक्षात राहिली, आणि वेधशाळेबद्दलचा आजचा अविश्वास बराचसा याच काळात घट्ट झाला, असे माझे मत आहे. त्यानंतर पद्धती बदलल्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत महासागर आणि वातावरण यांचे एकत्रित गणित करणारी प्रारूपे विकसित झाली आणि २०१२ पासून केंद्र सरकारच्या 'मान्सून मिशन' या कार्यक्रमामुळे या कामाला वेग आला. २०१५ मध्ये तुटीचा आणि २०२४ मध्ये भरपूर पावसाचा अंदाज बरोबर ठरला. २०१९ मध्ये मात्र ९६ टक्क्यांच्या अंदाजावर ११० टक्के पाऊस झाला.

पण अंदाज बरोबर ठरला तरी सातारा-सांगलीची तक्रार मिटत नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. देशाची हंगामी सरासरी सध्या ८७ सेंटिमीटर धरली जाते आणि तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की हंगाम सरासरीइतका समजतात. आता महाबळेश्वरपासून पूर्वेला निघा. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी, आणि दहिवडी-म्हसवडकडे तो जेमतेम पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्याच्या पोटात एवढी तफावत असताना देशाच्या सरासरीने माणच्या शेतकऱ्याला काय कळावे? २०१२ मध्ये देशातील तूट दहा टक्क्यांच्याही आत होती, पण म्हसवडला चारा छावण्या उभ्या राहिल्या आणि घरची माणसे जनावरांबरोबर महिनोन् महिने तिथेच मुक्कामाला होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेली आणि पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. त्याच वेळी जत तालुक्यात पिण्याच्या पाण्याचे टँकर फिरत होते.

तीन-चार दिवसांच्या अंदाजाची गोष्ट वेगळी आहे. तो खरोखर सुधारला आहे, आणि हे मान्य न करणे अन्यायाचे ठरेल. मांढरदेवच्या डोंगरावर ढगांतील पाऊस आणि वारा टिपणारे डॉप्लर रडार आले, महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांच्या अभ्यासाची उंचावरील प्रयोगशाळा आहे, २०१८ मध्ये पुण्यात 'प्रत्युष' हा महासंगणक सुरू झाला आणि मे २०२५ मध्ये देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाचा अंदाज काढणारी प्रणाली आली. तरीही सह्याद्रीत सहा किलोमीटरमध्ये एक डोंगररांग आणि दोन खोरी मावतात. जुलै २०२१ मध्ये घाटमाथ्यावर अतिमुसळधार पावसाचा इशारा होता. महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. कोणता उतार सुटेल हे पावसाच्या इशाऱ्यात नसते आणि ते सांगणारी स्वतंत्र व्यवस्था त्या गावांपर्यंत पोहोचलेली नव्हती.

तासगाव-मिरज पट्ट्यातील द्राक्षबागायतदाराचा हिशेब तर तासांचा असतो. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड बाहेर पडताना आणि पुढे फुलोऱ्यात एक पाऊस झाला, पाने रात्रभर ओली राहिली, तर दावण्या हा बुरशीजन्य रोग येतो आणि मणीगळ होते. पाऊस येणार म्हणून आदल्या दिवशी महागडी फवारणी करावी आणि पाऊस शेजारच्या गावात पडून जावा, किंवा फवारणी न करावी आणि पहाटे सर यावी. दोन्हीकडे नुकसान त्याचेच. मार्चमध्ये शेडवर बेदाणा सुकत असतानाही हेच. 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा विभागाच्या परिभाषेतील अर्थ त्या क्षेत्रातील फार तर पाव केंद्रांवर पाऊस, असा आहे. उरलेल्या गावांत थेंबही न पडता हा अंदाज बरोबर ठरतो, पण बागायतदाराला हे कोणी समजावून सांगितलेले नसते.

या पोकळीत पूर्वी पंचांगातील नक्षत्रे आणि त्यांची वाहने होती. आज समाजमाध्यमांवरील स्वयंघोषित अंदाजकार आहेत, जे तारीखवार पाऊस ठामपणे सांगतात आणि चुकलेल्या तारखांची नोंद ठेवत नाहीत. लोक त्यांच्याकडे वळतात ते भोळेपणाने नव्हे, तर ते गावाच्या भाषेत, गावाचे नाव घेऊन बोलतात म्हणून. २०१७ मध्ये बीड जिल्ह्यात शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजामुळे पेरणी वाया गेल्याची तक्रार थेट पोलीस ठाण्यात दिली, ती याच अस्वस्थतेतून.

उपाय अगदीच झाले नाहीत असे नाही. राज्याच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आणि पीकविम्याचा दावाही त्यांच्या नोंदींवर ठरू लागला. मात्र डोंगराळ भागात मंडळाच्या एका टोकाला असलेल्या केंद्रावरची नोंद दुसऱ्या टोकाच्या शिवाराला लागू होतेच असे नाही, म्हणून आता ग्रामपंचायतीगणिक केंद्र हवे ही मागणी पुढे आली आहे. दुसरीकडे, अंदाजाचा स्थानिक पिकांच्या दृष्टीने अर्थ लावून शेतकऱ्याला सल्ला देणारी, कृषी विज्ञान केंद्रांमधील जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये देशभर बंद करण्यात आली. अशी केंद्रे सुमारे दोनशे होती. महासंगणकावर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या व्यवस्थेने नेमका हा शेवटचा दुवा तोडावा, याचे समर्थन मला तरी करता येत नाही. ही केंद्रे पुन्हा सुरू व्हायला हवीत.