आजोबांची बंदूक : छाप वाचण्याआधी नळी पाहा

खंडेनवमीला बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या घरांतून तलवारी, भाले, जंबिये बाहेर निघतात. काही घरांत त्यांच्या शेजारी पाटावर एक लांबलचक बंदूकही मांडलेली असते. ती कुणाची, हे घरात सगळ्यांना ठाऊक असते. पणजोबा पलटणीत होते, त्यांनी आणली. नाहीतर देसायांच्या वाड्यातून आली. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात असल्यामुळे पलटणीची गोष्ट लगेच पटते. पण निवृत्त होणाऱ्या जवानाला सरकारी रायफल घरी नेता येत नाही, हे कुणी लक्षात घेत नाही. मग ती आली कुठून? याचे उत्तर बहुतेक वेळा बंदुकीतच असते. फक्त लोक ते चुकीच्या जागी शोधतात. लोखंडावर ठोकलेल्या छापातली इंग्रजी अक्षरे दिसली की ती वाचून मोकळे होतात आणि नळीत डोकावायचे राहून जाते.

डोकावण्याआधी मात्र एक काम आहे. बंदूक ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची असेल तर ती भरलेलीच आहे असे धरून चालावे. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू कोरडी राहिली तर पिढ्या उलटल्या तरी निकामी होत नाही. पणजोबांनी ठासलेला बार आजही उडू शकतो. जाणकार माणूस स्वतः नळीच्या तोंडासमोर न येता एक सरळ लाकडी काठी आत तळापर्यंत सोडतो, तोंडापाशी तिच्यावर खूण करतो आणि मग तीच काठी बाहेरून नळीवर धरतो. काठीचे टोक बार पेटतो त्या भोकाच्या बरेच अलीकडे राहिले, तर आत काहीतरी आहे. ते काढणे बंदूक दुरुस्त करणाऱ्या परवानाधारक कारागिराचे काम, घरच्यांचे नव्हे.

परवान्याचेही तसेच. ज्यांच्या नावावर परवाना होता ते गेले असतील, तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे २१ वे कलम तेच सांगते. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य हत्याराला त्याच कायद्यात सूट आहे, पण आपली बंदूक त्यात बसते की नाही हे घरात बसून ठरवू नये.

आता नळी. आतून पेचदार खाचा असतील तर ती रायफल. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरणाऱ्या वस्तूचा अक्ष सहजासहजी ढळत नाही, म्हणून ती सरळ जाते. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोल गोळी शंभर यार्डांपुढे कुठे जाईल याचा भरवसा नसे. १८५३ सालच्या नमुन्याच्या एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीला तीन खाचा होत्या आणि त्यांचा एक पूर्ण वेढा ७८ इंचांत पुरा होई. पुढच्या ली-एनफिल्डला पाच खाचा, वेढा दहा इंचांत, तोही डावीकडे वळणारा. म्हणजे छाप पुसला गेला असला तरी खाचा मोजून आणि वेढा मापून बंदुकीचे घराणे सांगता येते.

खाचा नसतील तर गोष्ट संपत नाही, उलट आपल्या भागात तिथूनच ती सुरू होते. १८५७ च्या उठावात एनफिल्डची चरबीची काडतुसे गाजली. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती १८५८ आणि १८५९ सालच्या नमुन्यांच्या बंदुका दिल्या. बाहेरून त्या हुबेहूब एनफिल्ड, आतून मात्र खाचा नसलेल्या, नळी ०.६५६ इंच म्हणजे सुमारे १६.७ मिलिमीटर रुंद. गोऱ्या शिपायाची गोळी लांबवर नेम धरून जाई, काळ्याची नाही. त्याच काळात गावोगावची हत्यारे सरकारजमा होत होती. आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या हलगलीच्या बेरडांनी १८५७ साली ती द्यायला नकार दिला आणि इंग्रजांनी त्यांचे गाव जाळले. राज्यकर्त्यांना कुणाची किती भीती वाटत होती, हे नळीचा आतला भाग इतक्या स्पष्टपणे सांगतो, की मला तो कागदपत्रांइतकाच मोलाचा पुरावा वाटतो.

याच धोरणाचा विसाव्या शतकातला नमुना मी खानापूर तालुक्यातल्या एका घरी जवळून पाहिला. बंदूक परवान्यावरची, आणि घरातले सगळे तिला ‘थ्री नॉट थ्री’, म्हणजे .३०३ इंच मापाची लष्करी रायफल म्हणत. दस्ता जिथे लोखंडाला मिळतो तिथल्या पट्टीवर उजव्या बाजूला मुकुट, त्याखाली ‘जी. आर. आय.’ म्हणजे सम्राट जॉर्ज, मग इशापूर आणि १९४२. पुढच्या लाकडात मजबुतीसाठी आडवा स्क्रू, ही बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची ओळखीची खूण. इथवर सगळे घरच्यांच्या म्हणण्याशी जुळत होते. मग बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, बाहेर काढून नळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. आत एकही खाच नाही, नुसता गुळगुळीत पाइप, मध्ये मध्ये गंजाचे खड्डे. मॅगझिनच्या, म्हणजे जादा काडतुसे राहतात त्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवलेला, म्हणजे एका वेळी एकच काडतूस. ही .४१० मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक. लष्करी .३०३ रायफलची नळी रुंद करून पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी अशा बंदुका तयार केल्या गेल्या. ती पळवली गेली तरी लष्कराच्या रायफलीसारखी उपयोगी पडू नये, हा हेतू. परवान्याच्या पुस्तकातही .४१० असेच लिहिलेले होते, पण ते पान इतक्या वर्षांत कुणी नीट वाचले नव्हते. अशा बंदुकीत .३०३ चे काडतूस ‘बसते का’ म्हणून घालून पाहणे जिवावर बेतू शकते.

नळी पाहून झाली की मग छाप वाचावेत, आणि तेही एकाच छापावर विसंबून नव्हे. जमिनीच्या उताऱ्यावर वारसांच्या नोंदी चढत जाव्यात तसे बंदुकीवर छाप चढत जातात. बनवली कुणी, नळीच्या मजबुतीची चाचणी कुठे झाली, मालक कोण, दुरुस्ती कधी, हे सगळे वेगवेगळे. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १९०१ पर्यंतची. ‘ई. आर.’ असेल तर सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता, आणि तिच्याखाली ‘आय’ असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन पायांवर उभा राहिलेला सिंह ईस्ट इंडिया कंपनीचा. लंबवर्तुळात ‘ई. एल. जी.’ आणि तारा दिसला तर नळीची चाचणी बेल्जियममधल्या लिएजला झाली; वर मुकुट असेल तर १८९३ नंतर. पाकिस्तानात सरहद्दीवर असलेल्या दर्रा आदमखेलच्या नकली बंदुकांवर इंग्रजी अक्षरे उलटी किंवा चुकीची असतात, त्यामुळे स्पेलिंगही तपासावे. बोल्टवरचा आणि मुख्य भागावरचा क्रमांक जुळत नसेल, तर दोन बंदुकांची एक झालेली आहे. जुन्या ठासणीच्या बंदुकीच्या कुलुपावर, म्हणजे घोडा बसवलेल्या बाजूच्या पट्टीवर, बुजवलेली भोके दिसली, तर ती मूळची गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी, नंतर स्फोटक टोपीवर उडणारी करून घेतलेली.

माप नेमके हवे असेल तर डोळ्यांवर भागत नाही. .३०३ आणि .३१५ यांत नाममात्र मापाचा फरक जेमतेम ०.३ मिलिमीटर. .३१५ ची शिकारी रायफल सामान्य माणसाला लष्करी काडतूस मिळू नये म्हणूनच आली आणि तीही इशापूरच्या कारखान्यात बनते. असा फरक पकडण्यासाठी कारागीर काडतूस बसते त्या पोकळीत बिस्मथ, शिसे, कथील आणि कॅडमियमचा मिश्रधातू ओततात. तो ७१ ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. थंड होताना आधी आकसतो म्हणून अलगद निघतो, आणि बिस्मथच्या गुणामुळे पुन्हा फुगत तासाभराने पोकळीच्या मापाचा होतो. मग तो मोजायचा. छर्‍याच्या बंदुकीचे माप वेगळ्या हिशेबाने चालते. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतली एक ज्या नळीत चपखल बसेल ती. एक गोळी ३७.८ ग्रॅमची, शिशाची घनता ११.३४, म्हणून व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. कंपासपेटीतल्या पट्टीनेही हे ताडून बघता येते.

राहिला गंज. तो पॉलिश पेपरने घासू नका, हे हात जोडून सांगावेसे वाटते. पोलादावरचा काळपट थर हा बहुधा मुद्दाम चढवलेला, लोखंडाचे रक्षण करणारा ऑक्साइड असतो. लाल गंज वेगळा, आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात तो झपाट्याने पसरतो. त्याला पातळ तेल आणि मऊ फडके पुरे. घासताना छाप जातात, आणि ओळखीची खूण पुसणे हा शस्त्र कायद्याने गुन्हाही आहे. पुसलेला आकडा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कधी कधी परत दिसतो. आकडा ठोकताना त्याच्याखालचे पोलादही दाबले जाऊन आतले स्फटिक विस्कटतात. वरचा भाग घासून गेला तरी हा विस्कटलेला पट्टा खाली उरतो, आणि कॉपर क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण लावले की आजूबाजूच्या धातूपेक्षा तो वेगळ्या वेगाने खाल्ला जातो. त्यातून आकडा उमटतो. फार खोल घासले असेल तर तोही उपाय चालत नाही.

म्हणून जाणकाराला दाखवण्याआधी बंदूक साफ करण्याऐवजी तिचे फोटो काढा. उजेड एका बाजूने तिरका पाडा, शेजारी पट्टी ठेवा, प्रत्येक छापाचा वेगळा फोटो घ्या. बर्मिंगहॅमच्या चाचणीच्या खुणा बहुधा नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाआड असतात. त्या पाहण्यासाठी लाकूड उतरवावे लागले, तर ते कारागिराकडूनच करून घ्या.